मांडीतला चौतीस मिलिमीटरचा फरक

२ जानेवारी

शिंप्याच्या गळ्यात असतो तसला टेप! पिवळा, प्लास्टिकचा, पहिल्या इंचावर चीर गेलेला. त्याने आज माझ्या मांड्या मोजल्या गेल्या. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. असला टेप कापडवाल्याकडे सापडला असता तर जागेवर जप्त केला असता.

मोजणारी मुलगी शिवानी. फिजिओ. ठाण्याच्या क्लिनिकमधून आठवड्यातून तीनदा येणार. उजवा गुडघा बदलून तेवीस दिवस झाले. गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटिमीटर वर पेनाने खूण करते, तिथे टेप गुंडाळते आणि फाइलमध्ये काहीतरी खरडते. "उजवी मांडी साडेतीन सेंटिमीटर बारीक आहे काका. मसल गेलाय. ऑपरेशननंतर जातोच, परत आणायचा." साडेतीन म्हणजे नक्की किती, विचारलं. तर म्हणे, "साधारण." साधारण! या शब्दावर पगार घेतात आता.

३ जानेवारी

मीच मोजलं. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची पट्टी कापली. कागद ताणत नाही. आधी चांगल्या, डाव्या मांडीला गुंडाळून खूण केली, मग तीच पट्टी उजवीला आणि दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर स्टीलच्या पट्टीवर वाचलं — चौतीस मिलिमीटर. घामाने कागद मऊ पडतो, म्हणून पट्टी फेकून दिली. दर वेळी नवी घ्यायची. याला म्हणतात मोजणं.

६ जानेवारी

मितेशशी बोललो. म्हटलं, मला माझ्या घरी जायचंय. कोलशेतचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून चिरंजीवांचा विरोध. "बाबा, इथे बाळकुमला काय कमी आहे? एकोणिसावा मजला, दोन-दोन लिफ्ट." कमी काही नाही. पंख्याचं बटण सोडून सगळं आहे. पंखा मोबाइलवरून लागतो आणि मोबाइल सूनबाईंकडे असतो. आमची ही, लक्ष्मी, गेल्यापासून चार वर्षं कोलशेतला एकटा राहिलो. स्वतःचा चहा स्वतःच्या वेळेला प्यायलो. इथे मी सोफ्यावर ठेवलेलं पार्सल आहे.

शेवटी साहेब म्हणाले, "शिवानीने जिन्याला हो म्हटलं की सोडतो." पोटचा पोर मला सोडणार!

८ जानेवारी

शिवानीला सरळ विचारलं, फरक किती राहिला की जिना चढता येईल? "नुसत्या फरकावरून नाही सांगता येत काका," वगैरे बरंच लांबण लावलं. आकडा सांग म्हटल्यावर आला एकदाचा — एका सेंटिमीटरच्या आत. बस. एवढंच हवं होतं.

१५ जानेवारी

तीस.

१९ जानेवारी

सूनबाई कल्पिता दिवसातून अकरा वेळा 'प्रोटीन' म्हणते. आज मोजलं. सकाळी मोड आलेले मूग, दुपारी पनीर, संध्याकाळी उकडलेलं अंडं. मी मऊ भात आणि ताक घेतलं, बाकीचं ताटाखालच्या पेपरात. आमच्या आईने प्रोटीन हा शब्द न ऐकता सात पोरं वाढवली.

२४ जानेवारी

सत्तावीस! व्यायाम फक्त उजव्या पायाचा करतो, पण घड्याळ लावून. पाय सरळ उचलायचा, दहापर्यंत मोजायचं, ठेवायचा. तीस वेळा. बाकी दिवसभर खुर्चीत, पाय स्टुलावर. आजारी पायाला आराम हवा, एवढी अक्कल मला आहे.

२ फेब्रुवारी

खालच्या बागेतून आनंदा पाटील बोलवायला आला होता. इथलाच, गाववाला. पूर्वी यांचं मिठागर होतं, आता याच बिल्डिंगमध्ये तीन फ्लॅट. दोन्ही गुडघे बदललेत आणि मिरवतो असा, जसं काही पदक मिळालंय. "चल रं इन्स्पेक्टर, दोन फेऱ्या मारू. बसून बसून लाकूड होशील." बागेत सगळी म्हातारी एकामागून एक गोल फिरतात, घाण्याला जुंपल्यासारखी. मी नाही जात त्यात.

१२ फेब्रुवारी

एकोणीस. शिवानीला आकडा दाखवला. कौतुक सोडाच, बाईसाहेबांचं तोंड उतरलं. पुन्हा तेच पालुपद — दोन्ही पायांचे व्यायाम करा, दोन्ही पायांवर चाला, नीट जेवा. म्हटलं, डाव्याला काय धाड भरलीय? ऑपरेशन कुठल्या पायाचं झालं, तेवढं तरी फाइलमध्ये बरोबर लिहिलंयस ना? डोळ्यांत पाणी आलं की काय कोण जाणे. हल्ली यांना काही बोलायची सोय नाही.

१४ फेब्रुवारी

क्लिनिकच्या मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. दोन पानी, मुद्देसूद. तिचा टेप माझ्या स्टीलच्या पट्टीला लावून बघितला होता. मीटरमागे चार मिलिमीटर चुकतो. हेही लिहिलं की सदर कर्मचारी 'साधारण' या शब्दाचा वापर करते. रजिस्टर्ड पोस्टाने धाडलं. मितेशला सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी

शिवानी बंद! तिच्याऐवजी मयूर नावाचा एक जण आला. दाढी कोरलेली, बोलणं कमी. पत्राचा परिणाम. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण आपल्या पत्राला अजून धार आहे. आज बऱ्याच दिवसांनी झोप चांगली लागेल.

१० मार्च

नऊ!! तीनदा मोजलं. तीन वेगळ्या पट्ट्या. नऊ, नऊ, नऊ.

आता कुणाच्या परवानगीची वाट बघायची? उद्या कल्पिता ऑफिसला गेली की निघायचं. किल्ली बनियनच्या खिशात ठेवली आहे. वर पोचलो की मितेशला माझ्या बाल्कनीतून फोन करणार.

१२ मार्च

काल लिहिता आलं नाही.

रिक्षाने गेलो. पहिला मजला सहज. उजवा गुडघा लोण्यासारखा चालला. दुसऱ्या मजल्याच्या सहाव्या पायरीवर पाय गेला. उजवा नाही, डावा. चांगला. दुखलं नाही, मुरगळला नाही, नुसता खाली बसला, त्याच्यात जीवच नव्हता. कठडा धरून तिथेच बसलो. उठायला गेलो, उठता येईना. अर्धा तास. वर माझं दार दिसत होतं.

खालच्या विमलाबाई बाजारातून आल्या. "अहो, तुम्ही? अशे का बसलात?" मी म्हटलं, हवा खातोय. त्यांनी मितेशला फोन केला. मितेश आणि वॉचमन, दोघांनी खुर्चीत घालून खाली आणलं. मितेशने गाडीचं दार उघडलं, माझा पट्टा लावला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

एक्स-रे झाला. नवा गुडघा ठणठणीत आहे.

१३ मार्च

मयूर आला. दोन्ही मांड्या मोजल्या आणि क्लिनिकची फाइल माझ्यापुढे धरली. "शिवानी मॅडमनी पहिल्या दिवसापासून दोन्ही पायांचं लिहिलंय काका. बघा."

बघितलं. उजवी मांडी जानेवारीत चव्वेचाळीस, आज साडेचव्वेचाळीस. अडीच महिन्यांत कमाई अर्धा सेंटिमीटर. डावी जानेवारीत साडेसत्तेचाळीस. मग सत्तेचाळीस. मग साडेसेहेचाळीस. मग सेहेचाळीस. आज साडेपंचेचाळीस.

म्हणजे आजारी पाय वर आलाच नाही. चांगला पाय खाली उतरला. खुर्चीत बसून, ताक-भात खाऊन, मी त्याला उतरवला आणि फरक कमी होतोय म्हणून रोज वहीत आनंदाने लिहिलं. खात्यात आम्ही व्यापाऱ्यांची वजनं प्रमाण वजनाशी ताडून बघायचो, आणि ते प्रमाण वजनसुद्धा ठरल्या मुदतीत वर तपासायला जायचं. एकतीस वर्षांत ती मुदत मी एकदाही चुकवली नाही. इथे डावा पाय प्रमाण धरला आणि तो एकदाही तपासला नाही. शिकाऊ पोराने असं केलं असतं तर मी त्याला केबिनबाहेर उभा केला असता.

प्रत्येक तारखेपुढे त्या मुलीचं बारीक अक्षर. 'डावी कमी होतेय. चालणं नाही. काकांना सांगितलं.' खाली पुन्हा 'काकांना सांगितलं.' सात वेळा आहे. टेपची चूक मीटरमागे चार मिलिमीटर होती, पण दोन्ही पायांना तीच होती.

मयूर म्हणतो, जिन्याचं नाव चार महिने काढू नका.

१४ मार्च

दोन अंडी खाल्ली. कल्पिता बघत होती.

१५ मार्च

क्लिनिकला फोन केला. म्हटलं, महिनाभरापूर्वी मी एक तक्रार पाठवली होती, ती मागे घ्यायची आहे. तिथली बाई शोधून आली. "रजिस्टर्ड आलंय ते का? ते सरांच्या टेबलावरच आहे काका. अजून उघडलं नाही कुणी." मग शिवानीला का काढलं, विचारलं. "काढलं कुठे? तिनेच सरांना सांगितलं — काकांकडे दुसऱ्या कुणाला पाठवा. माझं ते ऐकत नाहीत, आणि त्यात त्यांचा चांगला पाय जातोय."

पत्र उघडू नका म्हणालो आणि फोन ठेवला.