प्रतीक्षायादीतला पाचवा नंबर

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बारकीला पशुवैद्यक कॉलेजचं पत्र आलं. प्रवेश नाही, नकारही नाही. प्रतीक्षायादीत पाचवा नंबर. हसावं की रडावं, अशी बसून आहे पोरगी.

आता मनातलं लिहितो. समोरच्या औषधवाल्याची मुलगी यादीत अकराव्या नंबरावर होती, तिला परवा बोलावणं आलं. पाचाच्या आधी अकरा कसे येतात? वीस वर्षं कुलपं दुरुस्त करतोय, एकही आपणहून उघडलेलं पाहिलं नाही. कुणीतरी किल्ली फिरवतंच. तू त्याच कॉलेजच्या कचेरीत बसतेस. आत काय शिजतंय ते कळव, आणि जमलं तर शब्द टाक. हिचं म्हणणं, ताईंना अडचणीत आणू नका. पण तुला नाही सांगायचं तर कुणाला?

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

औषधवाल्याची मुलगी दुग्धशाखेच्या यादीत होती. तिथे जागा जास्त, घेणारे कमी, म्हणून यादी भराभर सरकली. आपली यादी वेगळी. वरच्यांनी जागा सोडली की खालचे सरकतात. किती सोडतील ते साहेबांनाही ठाऊक नसतं.

‘थांबायची तयारी आहे’ असं पंधरा तारखेच्या आत लेखी पोचू दे. न कळवणाऱ्याचं नाव कटतं. बारकीला दुसऱ्या कॉलेजात जागा मिळालीय, ती सोडू नका. रोज फोन करू नका, कारकुनांची डोकी फिरतात, माझं सगळ्यात आधी.

शब्द मात्र टाकणार नाही. भाची यादीत आहे, असं मी साहेबांना लिहून दिलंय. त्या यादीला मी हातही लावत नाही.

बारकीला म्हणावं, जेवत जा. माया आहे तशीच राहू दे.

ताई


२३ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं चौदा तारखेचं पत्र मिळालं. यादीपासून लांब राहते म्हणजे काहीतरी लपवते, असं तू लिहिलंस. तुझ्या शिक्षणासाठी वडिलांनी मला शाळेतून काढलं, त्याचा वचपा मी बारकीवर काढतेय, असंही. तीस वर्षांत मी तो विषय काढला नव्हता. तू काढलास.

त्यानंतर सहाच दिवसांनी प्राचार्यांकडे निनावी पत्र आलं. खिडकीजवळची कारकून बाई, म्हणजे मी, जागा विकते, तिनेच अकरावा नंबर पुढे काढला नि पाचवा मागे ठेवला, असं त्यात आहे. चौकशीपर्यंत यादी थांबवलीय. मला टेबलावरून उठवलंय, बाहेरच्या बाकावर बसते. काल शिपायाने चहा ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

अक्षर ओळखीचं आहे का, असं प्राचार्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. लहानपणी ते अक्षर मीच हात धरून गिरवून घेतलं होतं.

यादी थांबल्याने नुकसान तुझ्याच मुलीचं आहे. दुसऱ्या कॉलेजात नाव नक्की करायची मुदत तीस तारखेला संपते. पुढचं तुझं तू ठरव.

ताई


४ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा पंचवीसला दुकान बंद ठेवून तिकडे आले आणि ते पत्र आपणच लिहिलं, असं त्यांनी प्राचार्यांना लेखी दिलं, हे तुला कळलंच असेल. तू बाकावर बसली होतीस. तुझ्यासमोरून गेलो पण थांबायचा धीर झाला नाही, असं ते आईला सांगत होते.

यादी पुन्हा सुरू झाली आणि तीसला संपली. चौथ्या नंबरापर्यंत आली. त्याच दुपारी मी दुसऱ्या कॉलेजात नाव नक्की केलं. तू जागा सोडू नका म्हणाली होतीस, म्हणून ती तरी हातात होती. दोन दिवस रडले, खोटं कशाला सांगू.

काल जेवताना बाबांना विचारलं, पाचवा नंबर लागला असता तर? ते म्हणाले, “तर मी जन्मभर हेच समजलो असतो, की ताईनेच लावला.”

ते स्वतः लिहिणार होते. तीन कागद फाडले आणि मला लिहायला सांगितलं. शनिवारी मी तुझ्याकडे येतेय. बाबाही येतो म्हणतात. त्यांना येऊ द्यायचं की नाही, ते तू कळव.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
बारकी