धुतलेला पिंजरा

बाळकुम, ठाणे
शुक्रवार, ६ फेब्रुवारी

प्रिय बियांका,

आज सकाळी चहा गाळताना एक जुना आवाज कानात आला आणि चहा तिथेच निवला. प्राणिसंग्रहालयात नोकरीला लागलो त्या पहिल्या हिवाळ्यातला आवाज. वाघ ओठ मिटून नाकातून हवा सोडतो, फुर्र, फुर्र, मग थांबून पुन्हा फुर्र. दमलेल्या घोड्यासारखा, पण मऊ. मी दचकून मागे सरलो, तर आमचा तेव्हाचा मुकादम लिनो हसला. "पळतोस कुठे रे? नमस्कार केलाय त्याने तुला. उलट कर." मी नाकाने जमेल तसं फुर्र केलं. वाघाने मान्य केलं असावं, कारण तो खाली बसला.

इथे सगळं ठीक आहे. गुडघा बोलतो, पण चर्चपर्यंत चालू देतो. तिकडे आयर्लंडात थंडी फार असेल, ड्यूटीवर जाताना कान झाकत जा. फोनवर तू "पपा, शॉर्टमध्ये सांगा" म्हणतेस. शॉर्टमध्ये मला काहीच सांगता येत नाही, म्हणून कागद घेतला. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन.

तुळसा आठवते का? तू आयर्लंडला गेलीस त्या वर्षी आमच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेली वाघीण. मम्मीने नाव ठेवलं होतं, कारण त्या पिंजऱ्यामागे तुळशीचं रान माजलं होतं. मी निवृत्त झाल्यावरही महिन्यातून एकदा तिला बघायला जायचो. तिला पावसाळ्यानंतर दुसऱ्या राज्यातल्या प्राणिसंग्रहालयात पाठवली. इथले दोन्ही नर तिच्याच रक्ताचे, एक सख्खा भाऊ आणि एक मामा. पिंजऱ्यातल्या वाघांची वंशावळ देशभराची एकत्र ठेवतात, आणि कोणाला कुठे न्यायचं, कोणाशी जोडी लावायची, ते त्यावरून ठरतं. ऋतिका म्हणून नवी पशुवैद्य आली आहे, ती म्हणाली, "काका, सोयरीकच समजा. आम्ही फक्त गोत्राऐवजी आजोबा बघतो."

मी म्हटलं, या वयात नवी जागा, नवा जोडीदार, झेपेल का तिला?

"तिचं वय मी बघितलंय," ती म्हणाली, "तुम्ही स्वतःचं धरून बोलू नका."

वाघाला बेशुद्ध न करता हलवायचं तर एकच रीत. प्रवासाचा पिंजरा तिच्या खोलीच्या दाराला जोडून ठेवायचा, मधलं दार उघडं, आणि रोजचं मांस आतच टाकायचं. आधी ती मान लांब करून ओढून नेते. मग आत बसून खाते. मग तिथेच पाय पसरून झोपू लागते. अशी सवय झाली की एक दिवस तिच्यामागे दार पडतं, आणि तिला त्याचं फारसं काही वाटत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप द्यायला गेलो. तुळसा बाहेर उन्हात पडली होती. पिंजऱ्यात वाळलेलं रक्त, केस, मुताचा दर्प. तिचा आताचा राखणदार मयूर तिथेच होता. मी म्हटलं, "मयूर, पोर सासरी चालली. अशा घाणीत पाठवतोस?" त्यालाही पटलं. आम्ही दोघांनी पाइप लावून, फिनेल टाकून तो पिंजरा लख्ख धुतला, वर नवं गवत पसरलं. मी तर घासताना सहावीच्या पुस्तकातली मुलीच्या पाठवणीची कविता म्हणत होतो. डोळे पाणावले होते, ते फिनेलने की कवितेने, कोण जाणे.

संध्याकाळी तुळसा आत आली, पिंजऱ्याच्या तोंडाशी थांबली, वास घेतला आणि मागे फिरली. मांस टाकलं, हाका मारल्या, मी चार वेळा फुर्र केलं. ती कोपऱ्यात पाठ करून बसली. आम्ही तिचाच वास धुऊन टाकला होता. ऋतिका ओरडली नाही. "काका, तिला स्वच्छ नको होतं, ओळखीचं हवं होतं," एवढं म्हणून तिने ट्रकवाल्याला परत पाठवलं. मग सगळं पहिल्यापासून. मला तिने तेवढे दिवस येऊ नका म्हणून सांगितलं. बरोबरच होतं तिचं.

दुसऱ्या खेपेला तुळसा आपल्या पायांनी गेली. तिथे पोचल्यावर आधी वेगळी ठेवली, मग नराच्या शेजारच्या खोलीत, मध्ये जाळी. इथे घाई चालत नाही. नराचा एक पंजा वर्मी बसला तर संपलं. ऋतिकाने मला व्हिडिओ पाठवला होता, दोघं जाळीला नाक लावून एकमेकांना फुरफुरत होती. गेल्या आठवड्यात मधलं दार उघडलं. थोडी गुरगुर झाली, मग एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. आता एकाच सावलीत बसतात म्हणे. पिल्लांचं अजून काही नाही.

आता घरचं.

नाताळाआधी मी घराला रंग काढला. व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, समोरची भिंत मोकळी का, मम्मीचा फोटो कुठे गेला. मी म्हणालो, रंगामुळे. ते अर्धंच खरं होतं.

त्या दिवशी कार्मेल यायची होती. माझ्या बोलण्यात तिचं नाव तू ऐकलं आहेस, आमच्या चर्चच्या क्वायरमधली, मूळची मोहन्याची. नवरा रेयॉनच्या कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्या शाळेच्या पुस्तकांतल्या सगळ्या कविता तिला पाठ. एकदा प्रॅक्टिसनंतर मी एक म्हणून दाखवली, तर तिने मध्येच थांबवलं. "तिसरी ओळ अशी नाही. इतकी वर्षं वाघांना चुकीची कविता ऐकवलीस तू." त्यानंतर मी प्रॅक्टिस चुकवली नाही.

तर ती घर बघायला यायची म्हणून मी सगळं आवरलं. फोटो कपाटात, मम्मीची खुर्ची आणि शिवणाचा डबा माळ्यावर. नवे पडदे. कार्मेल दारातून आत आली, चारी बाजूंना पाहिलं आणि बसलीच नाही.

"सिरिल, तिचा फोटो कुठाय?"

"कपाटात."

"का?"

मी नवा पडदा उगाच सारखा करू लागलो.

"मग मी कोणाच्या घरी आलेय? लॉजवर?" तिने स्वतः कपाट उघडून फोटो काढला, पदराने पुसला. खिळा मी ठोकला, जरा वाकडा बसला आहे. खुर्चीही खाली आणली. त्यानंतर तिने चहा घेतला, तोही त्याच खुर्चीत बसून. बियांका, खरं सांगतो, रंगाचा वास होता घरभर, पण माझ्या नाकात फिनेल होतं.

आम्ही लग्न करायचं ठरवलं आहे. ईस्टरनंतर, साधंच. परवा रविवारी चर्चमध्ये मिस्सेत फादर लग्न ठरलेल्यांच्या यादीत आमची नावं पहिल्यांदा वाचतील. तुझी मावशी दुसऱ्या बाकावर बसलेली असेल आणि घरी पोचायच्या आत तुला फोन लावेल. तिच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हा सगळा खटाटोप. तुळसाचं एवढं सांगत बसलो, कारण हे वाक्य लिहायचा धीर होत नव्हता.

अर्थात नावं वाचली जातीलच असं नाही. कार्मेलचा मुलगा स्टीव्ह, दिव्याला राहतो, क्रेन चालवतो. त्याने आईला सांगितलं, "त्या वाघवाल्याच्या घरात मी पाय ठेवणार नाही. तू गेलीस तर माझ्याकडेही येऊ नकोस." ती त्याच्याशी भांडली नाही. मला म्हणाली, उद्या शनिवारपर्यंत त्याने हो म्हटलं नाही, तर ती फादरना फोन करून नावं काढायला सांगेल. "पोराला तोडून मला संसार नको, सिरिल. तुझ्या पोरीलाही तोडून नको." मी वाद घातला नाही. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पण गेले काही दिवस मी संध्याकाळी कविता म्हणायला बसतो आणि मुद्दाम तिसरी ओळ चुकवतो, कोणी सुधारायला असल्यासारखा.

तुझ्याकडे परवानगी मागत नाही, तेवढा म्हातारा झालो आहे. पण तुला वाईट वाटलं तर तसं लिही, गोड करून लिहू नकोस. मम्मीची जागा

बेल वाजली म्हणून उठलो होतो. या वेळेला माझ्याकडे कोणी येत नाही. दाराच्या भिंगातून बघून आलो. स्टीव्ह आहे. एकटाच. मी आहे की नाही हेही बघत नाही आहे, खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडतो आहे, सावकाश, एकामागून एक. भांडायला आलेला माणूस बूट काढत नाही, असं मला वाटतं. चुकतही असेन. दार उघडायला जातो.

तू हो म्हण की नाही म्हण, तुझाच,

पपा