काळ्या गाडीचे मागचे स्ट्रट आणि इतर मालमत्ता

मी, सुलभा भगवंतराव कस्तुरे, वय ४६, गणिताची शिक्षिका, राहणार डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी ठिकाणावर नाही. ती पुढील महिन्यात नागपुरात बदलायची आहे. कोणती झडप घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. जे मला ठरवायचे आहे ते खाली लिहिते.

१. डोणगावचे राहते घर वडिलांनी माझ्या नावे केले होते. ते आईने, म्हणजे श्रीमती मधुवंती यांनी, हयातभर वापरावे. त्यांच्या पश्चात ते माझा धाकटा भाऊ आल्हाद, हल्ली मुक्काम पुणे, याचे होईल. परसातले लिंबाचे झाड त्याने तोडू नये, असे लिहिण्याने कायद्याने काही होत नाही असे वकील म्हणाले. तरी लिहिले आहे.

२. बँकेतील ठेवी व भविष्य निर्वाह निधी आईला.

३. फळ्यावर वापरायचा लाकडी कंपास शाळेला. त्याचा एक पाय सैल आहे, कागदाची घडी घातली की बसतो.

४. काळी जर्मन गाडी, मॉडेल २००७. ही वडिलांनी नागपूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. वडिलांची अडत होती. रिकाम्या डिक्कीची गाडी उडते असे त्यांचे मत असल्याने डिक्कीत कायम सरकीची दोन पोती असत. घरी म्हशी होत्या, त्यामुळे पोती बदलत राहत. वडील गेले, म्हशी विकल्या, पोती राहिली. ती काढावीत असे मला कधी वाटले नाही.

आईच्या पाठीचा एक मणका दबलेला आहे. त्यासाठी दर महिन्याला बुलढाण्याला इंजेक्शन घ्यावे लागते. दोन तासांचा हा रस्ता तिला फक्त या गाडीच्या मागच्या सीटवर सोसत असे.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला मागच्या स्ट्रटमधून, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबांमधून, तेल गळू लागले. मी टेप घेऊन चाकावरच्या कमानीची उंची मोजली. मागची बाजू तीन बोटे खाली होती. ते माप मी नागपूरच्या दुकानदाराला कळवले. तो म्हणाला, स्प्रिंगा बसल्यात, खराब रस्त्यासाठीचे कडक स्ट्रट घ्या. मी घेतले. जानेफळचे मेकॅनिक शालिग्रामभाऊ यांनी वरचे नट उघडण्यासाठी डिक्की रिकामी केली, आणि गाडी आमच्या डोळ्यांदेखत वर आली.

त्यांनी खाली काढलेल्या पोत्यांकडे बोट दाखवले. मग म्हणाले, "ताई, गाडी बसेल नव्हती, लादेल होती."

"आता?"

"आता काय. तुम्ही पोरायले गणित शिकवता ना?"

दुकानदार माल परत घेईना. मी तेच स्ट्रट बसवायला सांगितले. हा निर्णय माझा होता, शालिग्रामभाऊंचा नाही.

त्यानंतर बुलढाण्याला जाताना आईने खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी धरली होती. मी विचारले तर म्हणाली, "छान झालीये गं गाडी." पुढच्या महिन्यात तिला कंटाळा आला. त्याच्या पुढच्या महिन्यात आता इंजेक्शनची गरज वाटत नाही असे ती म्हणाली. शेवटचे इंजेक्शन घेऊन चार महिने झाले. ती भिंतीला धरून न्हाणीत जाते.

आल्हादने फोनवर, आईला ऐकू जाईल असे, "ताईने गाडीची बैलगाडी केली" हे वाक्य उच्चारले. ते मी माफ केलेले नाही. त्याच्या हिश्शावर याचा परिणाम होणार नाही. चिखलीच्या एका माणसाला ही गाडी नवरदेवांसाठी भाड्याने द्यायला हवी आहे, व आल्हादने त्याच्याशी बोलणे केले आहे. ते बोलणे रद्द समजावे. गाडी मी आईला देत आहे.

मागचे स्ट्रट पुन्हा बदलावेत. मूळ कंपनीचे मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास मूळ मापाच्या मऊ स्प्रिंगांचे नवे घ्यावेत. भंगारातल्या गाडीचे घेऊ नयेत. दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, वरच्या रबरांसह. उंची रिकाम्या डिक्कीने मोजावी. शेवटचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळावेत, जॅकवर लटकत असताना नाही.

यास एक अट आहे. गाडी आईच्या नावे होण्यापूर्वी आईने एकदा, कोणाचे मन न राखता, त्या प्रवासात तिला काय झाले ते सांगावे. नवे स्ट्रट बरोबर आहेत की नाही हे टेपने कळणार नाही, ते तिच्याकडूनच कळेल. ती 'छान' म्हणत राहिली तर पुन्हा चुकीचेच बसतील आणि विचारायला मी नसेन.

५. वडिलांचा जॅक व पान्यांची पेटी शालिग्रामभाऊंना देणार होते. ते म्हणाले, "मले देसान त साक्षीदार राहता येत नाही म्हणते वकील. ऱ्हाऊ द्या पेटी. मी सही करतो." सबब पेटी गाडीसोबत राहील.

पुरवणी, त्याच दिवशी. वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर आईला वाचून दाखवला. लिंबाच्या झाडाला तिने मान डोलावली. चौथे कलम संपले तेव्हा तिने चष्मा काढून पदराने पुसला.

"दुखलं होतं," ती म्हणाली. "मेहकर सुटल्यापासूनच. चिखलीला तर वाटलं, उतरून इथेच बसावं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढं मोजून आणले होतेस."

शालिग्रामभाऊ खाली पाहत म्हणाले, "काकू, मले तरी सांगायचं. मी त्याच दिवशी काढून फेकले असते."

अट पूर्ण झाली असल्याने ती रद्द करण्यात येत आहे. स्ट्रट बदलण्याची सूचनाही माझ्या मृत्यूनंतरची राहिलेली नाही. शालिग्रामभाऊंनी इथूनच फोन लावला, माल गुरुवारी येईल. शनिवारी आई मागच्या सीटवर बसेल, मी चालवीन, आणि कुठे दुखते ते ती मोठ्याने सांगत जाईल.

हे सर्व मी समजून लिहिले, वाचले व खाली सही केली.

सुलभा भगवंतराव कस्तुरे

आमच्यादेखत सही झाली. आम्हाला यातून काही मिळणार नाही:

१. शालिग्राम उकंडराव लहाने, मेकॅनिक, जानेफळ
२. छाया देवेश पाठक, सहशिक्षिका, मेहकर

स्थळ: डोणगाव
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५