बर्चच्या साखरेचा शिरा

ड्रेस्डेन, १२ नोव्हेंबर २०१६

आदरणीय द्रौपदीआत्यास जीवनचा सप्रेम जय भीम.

शेजारचा जयंत हे मोबाइलवरून वाचून दाखवतोय, तोवर खाटेवर नीट बसून ऐक. पायाच्या जखमेची सूज उतरली का? (‘तुझी साखर आली की लावीन, डॉक्टर कशाला’ हा तुझा निरोप पोचला. त्यावर शेवटी बोलतो.)

जखमेतला संसर्ग अंगभर भिनून माणूस दगावतो, त्याला सेप्सिस म्हणतात. अशा आजारी उंदरांना झायलिटॉल नावाची साखर सलाइनमधून दिली तर ते तगतात का, एवढंच आम्ही इथे पाहत होतो. दुकानात हीच बर्च झाडाची साखर म्हणून मिळते. आता इथली रीत अशी, की ज्याचा वाढदिवस, केकही त्यानंच न्यायचा. माझा आला तेव्हा म्हटलं, केक कोणीही नेईल, आपण शिरा करू (आई गेल्यावर तुझ्याच चुलीशी बसून रवा भाजायला शिकलो), आणि कामाचा मान म्हणून साखर घालू ती बर्चची. आमच्या प्रोफेसरबाई फ्राउ लेमान यांनी ‘गेनाऊ, गेनाऊ’ (म्हणजे ‘अगदी असाच हवा’) करत तीनदा मागून घेतला. ही साखर जास्त खाल्ली की पोट वाहतं, असं पाकिटावर छापलेलं असतं. मी तिच्यावरचे यच्चयावत शोधनिबंध वाचले होते, पाकीट तेवढं वाचलं नव्हतं.

दुपारी सभेत प्रयोगाचा निकाल मांडायला उभा राहिलो, तर माणसं एकेक करून उठू लागली. मला वाटलं, निकाल ऐकवत नाही. शेवटी बाईही धावल्या. उरलेलं भाषण मी एका मधुमेही गृहस्थांना ऐकवलं (त्यांना गोड वर्ज्य). दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावलं, तेव्हा नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. त्या म्हणाल्या, “आल्झो, म्हणजे असं बघा, निकाल खरा मांडलात, तो तसाच राहू द्या. शिऱ्यातली साखर तेवढी बदला.” अशी माणसं वरिष्ठ म्हणून लाभली, हे माझं नशीब.

तो निकाल असा, की साखर दिलेले आणि न दिलेले उंदीर सारखेच दगावले. म्हणून साखर पाठवत नाही.

तुझाच,
जीवन

ता. क. पत्र एवढं लांबवलं, कारण वाचायला बसण्याआधी तुला दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलाव, असं जयंतला बजावलं होतं. ती एव्हाना दारात आली असेल. इतका वेळ एका जागी बसलीस, आभारी आहे.

ता. क. २. उंदरांसाठी मी कधी रडलो नाही, पण जयंतनं पाठवलेला तुझ्या पायाचा फोटो पाहून रडलो. मला वाढवलंस तू. शिव्या द्यायच्या त्या रिक्षात बसल्यावर दे.