पेटीतलं बिननावाचं घर

शनि. ५ नोव्हेंबर २०११
पेटी आली. काळी, कडक प्लॅस्टिकची, झाकणाला रबराची कड, दोन खटके. हत्तीनं पाय दिला तरी काही होणार नाही म्हणे. हत्ती भेटायची शक्यता कमी आहे, पण नांदेडकडचे रस्ते आहेत.
आतून रिकामी. आतलं अस्तर आपलं आपण ठरवायचं. निघायला बावीस दिवस आहेत.
आई म्हणाली, "एवढ्या पेटीत तुझं लग्नाचं सामान मावलं असतं." म्हटलं, म्हणूनच कॅमेऱ्याला घेतली.

सोम. ७ नोव्हें.
खराडीचं ऑफिस. जेवताना निखिल (शेजारच्या टेबलावरचा, आठवड्याला एक नवी लेन्स विकत घेणारा) : "अगं, डिव्हायडर घे ना. वेलक्रोचे. कधीही काढ, कधीही लाव. फोम एकदा कापला की संपलं. टोटली इन्फ्लेक्सिबल."
बरोबर आहे त्याचं. तेच हवंय मला. तीन महिने जीपमध्ये हादरे खायचेत. वेलक्रोच्या भिंती पंधरा दिवसांत लोळायला लागतात, लेन्सा एकमेकींना भेटायला जातात. फोम. ज्याची जागा त्याला. ठरलं.
बिनपगारी रजेचं पत्र हातात मिळालं. मॅनेजर म्हणाला, परत येशील ना? म्हटलं, बघू. हे मी म्हटलं याचंच मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

बुध. ९ नोव्हें.
प्रकल्पाच्या कांबळे सरांचा फोन. पहिल्या टप्प्यात अकरा गावं. छप्पन साली दीक्षा घेतलेली, आज हयात असलेली माणसं. प्रत्येकाचा एक फोटो, त्याच्या दारात, त्याच्या मर्जीच्या कपड्यांत. सर म्हणाले, "सुजाता, लवकर. यादीतले दोघं दिवाळीत गेले."
हेच काम बाबांनी माझ्या जन्माआधी सुरू केलं होतं. पदरमोड करून, रविवारी रविवारी. चौदा माणसं झाली. मग बदल्या, मग मी, मग दादाच्या आणि माझ्या शाळा. चौदावर थांबलं. ते चौदा फोटो पाहतच मी मोठी झाले. त्यातली एक आजी माझ्याकडे अशी बघते की आजही खोटं बोलता येत नाही.
त्यांचा कॅमेरा लोखंडी कपाटात. दोन डोळ्यांचा, डब्यासारखा, वरून वाकून बघायचा. नऊ वर्षांची असताना माझ्या हातून फरशीवर पडला. ओरडले नाहीत. उचलला, फ्लॅनेलमध्ये गुंडाळला, कपाटाला कुलूप घातलं. ओरडले असते तर परवडलं असतं.
संध्याकाळी मी वर्तमानपत्रावर कॅमेरा आडवा ठेवून पेनानं कड काढत होते. बाबा मागे उभे.
"हे काय?"
"फोमचा नकाशा."
"याला नकाशा म्हणतात? दे इकडे."
पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन. कालव्याची वळणं काढलेला माणूस. ट्रेसिंग पेपरचं भेंडोळं अजून आहे, टी-स्क्वेअर आहे. हात मात्र दोन वर्षांपासून थरथरतो. चहाचा कप बशीत वाजतो. दिलं सगळं सामान.

रवि. १३ नोव्हें.
चार दिवस लागले. ड्रॉइंग झालं.
पूर्ण मापात, एकास एक. सगळ्या वस्तू पाठीवर झोपवून, वरून दिसतात तशा. कॅमेरा ए, लेन्सा बी-सी-डी, फ्लॅश ई. अक्षरं अजूनही छापल्यासारखी. प्रत्येक रेषेला हात किती वेळा टेकवून धरला असेल. आई सांगत होती, दुपारी उशी खाली घेऊन मनगट टेकवतात.
सहावा एक चौकोन आहे, कोपऱ्यात. त्याला अक्षर नाही.
"हा कसला?"
"असू दे. राहतं काही ना काही."
बॅटऱ्या, चार्जर. बाबांचा अंदाज बरोबर असतो.

मंगळ. १५ नोव्हें.
हाफ डे. नाना पेठ. मन्सूरभाई गादीवाले, तिसरी पिढी. फोम चाचपून दाखवला, एक मऊ, एक कडक. मी पाहिल्याबरोबर कडक उचलला. ते हसले. "ताई, गादीला माणूस मऊ मागतो आणि मग पाठ धरून येतो. तुम्ही बरोबर मागितला."
मग विचारलं, "किती घरं करायची?"
चष्म्याचं घर म्हणतो आपण, तसंच. कॅमेऱ्याचं घर, लेन्सचं घर. मला फार आवडला तो प्रश्न. म्हटलं, सहा.
ट्रेसिंग पेपर फोमवर पसरला, टाचण्या लावल्या. पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मी पेन्सिलची बाजू खाली केली. आरपार दिसतंच की.
"असंच कापू, ताई?"
"असंच."
वरचा जाड थर आरपार कापायचा, खाली पातळ थर चिकटवायचा. परवा तयार.

गुरु. १७ नोव्हें.
आणला. सुबक काम. घरी येऊन टेबलावर ठेवला, बाबांना हाक मारली, ऐटीत कॅमेरा उचलला आणि घरात ठेवला.
बसेना.
फिरवला. बसेना. मग पालथा केला, तोंड खाली. चपखल बसला.
बाबा दोन मिनिटं बघत राहिले आणि मग असे हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "उलटी बाजू," ते म्हणाले. "निगेटिव्ह उलटी घातलीस. सगळं डावं ते उजवं."
कागद पालथा घातला होता मी. ड्राफ्ट्समनची मुलगी, वर फोटोग्राफर. दोन्ही घराण्यांचं नाव काढलं.
मन्सूरभाईंना फोन. "अरेरे. चिकटवायच्या आधी कळतं तर नुसती पलटी मारली असती." पुन्हा कापायचा. असो. चूक झाली, दुरुस्त होईल.
कापताना निघालेले फोमचे ठोकळेही त्यांनी पिशवीत भरून दिलेत. गॅलरीत ठेवले.

शनि. १९ नोव्हें.
मन्सूरभाईंकडे जायच्या आधी ड्रॉइंग नीट बघितलं, एकदा चुकल्यावर शहाणपण. बिननावाच्या चौकोनाचा एक कोपरा तिरका गेलाय. बाकी तीन काटकोन, हा एक कापल्यासारखा. हात हलला असणार. वाईट वाटलं. पट्टी घेतली, कोपरा सरळ केला, जुनी रेष खोडली. त्यांना सांगायचं कशाला.
मन्सूरभाईंनी समोरच कापून दिला. पेन्सिल वर आहे का, हे दोघांनी मिळून तीनदा बघितलं.

रवि. २० नोव्हें.
सगळं बसलं. कॅमेरा सरळ, आकाशाकडे तोंड करून. झाकण लावलं, हलवलं, आवाज नाही. भारी वाटलं.
बाबांना दाखवलं. एकेका घरावरून बोट फिरवत गेले. सहाव्यापाशी थांबले. बोट कोपऱ्यात गेलं, तिथंच राहिलं.
"हा कोपरा?"
"सरळ केला. थोडा तिरका आला होता."
"हं." मग म्हणाले, "बरं झालं. बॅटऱ्या बसतील."
आणि पेपर उघडला. सकाळीच वाचून झालेला.

मंगळ. २२ नोव्हें.
घरात काहीतरी बिनसलंय. बाबा दोन दिवस जेवढ्यास तेवढं.
आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. "मला काय विचारतेस? पंधरा दिवस झाले, कपाटाची किल्ली शर्टाच्या खिशात घालून फिरत होते. शर्ट धुवायला टाकताना काढायची, दुसऱ्यात घालायची. परवा परत खुंटीला लावली."
"का?"
"ते तू शोध. तू हुशार आहेस."
आमच्याकडे शिवी अशी देतात.

बुध. २३ नोव्हें.
कळलं.
सकाळी गॅलरी आवरत होते, पहिल्या फोमचे ठोकळे फेकायला काढले. एक हातात घेतला. साधा ठोकळा, वीतभर लांब, त्याहून कमी रुंद, एक कोपरा कापलेला. दोन्ही हातांत धरला, पोटाशी आला, मी मान खाली घालून त्याच्याकडे बघितलं.
बाबा असेच उभे राहायचे.
तो कोपरा मीच केलाय. नऊ वर्षांची असताना, फरशीवर. खालच्या कोपऱ्याला पोचा आला होता. बाबांचा हात हलला नव्हता. त्यांनी जसं आहे तसं काढलं होतं. आयुष्यभर तेच सांगत आले, ड्रॉइंगमध्ये जे आहे ते काढायचं, जे असायला हवं ते नाही. आणि मी पट्टी लावून सरळ केलं आणि वर त्यांची कीव केली.
ते मागणार नव्हते. "माझा कॅमेरा ने, माझं राहिलेलं काम कर," असं तोंडानं म्हणणारा माणूस नाही तो. त्यांनी घर काढून दिलं, नाव न घालता. मी सांगितलं, तिरका आला होता.
लाज वाटली. गॅलरीत खाली बसून रडले. आई येऊन बघून गेली, खराडीला जायला उशीर होतोय एवढंच म्हणाली.

गुरु. २४ नोव्हें.
ऑफिसचा शेवटचा दिवस. निखिल : "मग, फोम कसा झाला? म्हटलं होतं ना, चेंज करता येत नाही."
"येतो. चिकटवून."
मन्सूरभाईंना फोनवर विचारलं होतं. म्हणाले, "घर मोठं झालं तर लहान करता येतं, ताई. तुकडा लावायचा. रबराचं सोल्यूशन दोन्हीकडे, दहा मिनिटं सुकू द्यायचं, मग दाबायचं. घाई केली की निघून येतं."
जुन्या फोममधून तिकोनी तुकडा कापला. अंगठ्याएवढा. तीन वेळा कापला, तिसरा बरोबर आला. सोल्यूशन लावलं. दहा मिनिटं घड्याळ लावून बसले. माझ्यासारखीला दहा मिनिटं फार असतात.

शुक्र. २५ नोव्हें.
चहाच्या वेळी पेटी उघडून बाबांसमोर ठेवली. बोट थेट सहाव्या घरात. कोपऱ्यात. तिकोनावरून अंगठा फिरवला.
"हे कुणी सांगितलं?"
"ड्रॉइंगमध्ये होतं. मला वाचता आलं नाही."
मग म्हणाले, "ड्रॉइंगमधली रेष विचारल्याशिवाय हलवायची नसते."
"हो."
"खात्यात मेमो मिळतो."
"द्या मग."
हसले नाहीत. पण कप उचलला तेव्हा बशी वाजली आणि त्यांनी ती लपवली नाही. एरवी दुसरा हात आणतात. मग चप्पल घालून फिरायला गेले.
किल्ली खुंटीलाच.
मी मागणार नाही. मागितलं तर ते देतील, आणि मग तो मी मागितलेला कॅमेरा होईल.

शनि. २६ नोव्हें.
सामान. दोन जीन्स, चार कुर्ते, टॉर्च, औषधं.
जुन्या कॅमेऱ्याचे मोठे रोल अजून मिळतात का, म्हणून शहरात गेले. मिळतात, विचारावे लागतात. दुकानदार म्हणाला, "कॅमेरा चालू आहे का पण?" माहीत नाही म्हटलं. "मग रोल कशाला घेताय?" पुण्यात ग्राहकाला एवढी चौकशी फुकट मिळते. पाच रोल घेतले. सॅकच्या तळाला, मोज्यांत. कुणाला सांगितलं नाही.
पेटी भरली. पाच घरं भरलेली, सहावं रिकामं. चार्जर आणि बॅटऱ्या मुद्दाम बाहेर टेबलावर ठेवल्या, शेजारीच. बाबांना दोन्ही रस्ते मोकळे.
किल्ली आज खुंटीला नव्हती. आईनं झाडताना काढली असेल. किंवा नसेल. विचारलं नाही.

रवि. २७ नोव्हें.
सकाळी साडेसहाला जीप. कांबळे सर खालूनच "जय भीम" म्हणाले, वर आले नाहीत, निघताना पाय घरात अडकतो म्हणे.
पेटी टेबलावर उघडी. बाबा खुर्चीत, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. रविवारी सकाळी.
म्हटलं, "मी सॅक खाली ठेवून येते. झाकण तेवढं तुम्ही लावा."
"जा."
मुद्दाम सावकाश उतरले, सावकाश चढले. तीन मजले. आई जिन्यात डबा घेऊन उभी होती, तिनं मला आणखी पाच मिनिटं अडवून ठेवलं, पोळ्या किती आहेत ते सांगत. पोळ्या बारा आहेत.
वर आले तर झाकण लागलेलं, दोन्ही खटके बंद. टेबल मोकळं. चार्जर नाही, बॅटऱ्या नाहीत, काहीच नाही. कपाट बंद. बाबा खिडकीपाशी, पाठमोरे. पाया पडले. डोक्यावर हात आला आणि जरा जास्त वेळ राहिला.
"सरळ धर," एवढंच म्हणाले. "पालथी नको."
उचलली. जड आहे. पण बॅटऱ्याही जड असतात.
आता वाघोलीच्या पुढे. खराडीचा फाटा मागे गेला तेव्हा वळूनही बघितलं नाही. पेटी मांडीवर. सर म्हणतात मागे ठेव, पाय दुखतील. दुखू देत. उघडून बघावं असं घरून निघाल्यापासूनच वाटतंय. पण पहिल्या गावात उघडायची, पहिल्या माणसाच्या दारात, असं ठरवलंय.
आत्ता एका खड्ड्यात जीप चांगली आदळली. पेटी कानाशी धरून हलवून बघितली. सहाव्या घरात नुसत्या बॅटऱ्या असत्या तर वाजल्या असत्या. काही वाजलं नाही.