हॉर्न वाजवल्यावर येणारा चहा

छायाताई,

व्हिएन्नातला सफरचंदाचा केक, प्रागचं सूप, सगळे फोटो ग्रुपवर टाकले. तुम्ही लिहिलंत, सुजीत किती फ्रेश दिसतोय. एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही.

साल्झबुर्गला तुमच्या भावाने भाड्याची गाडी एका कॅफेसमोर थांबवली आणि हॉर्न वाजवला. शारजात, रोल्लाच्या बाजारात, आम्ही असाच चहा मागवतो, हॉर्न ऐकला की हॉटेलवाला गाडीतच आणून देतो. मला गंमत वाटली, मी हसले. त्याने पुन्हा वाजवला. लोक वळून बघायला लागले. तो शांतपणे म्हणाला, "आज रोल्लाला फारच गर्दी दिसतेय."

तेव्हापासून मला झोप नाही. तुमच्या बाबांचं विसरणं असंच सुरू झालं होतं का? पण विचारलं तर तुम्ही लगेच त्याला फोन कराल, म्हणून हे पाठवत नाहीये.

परवा परत आलो. बॅगा अजून हॉलमध्येच आहेत. आज संध्याकाळी खरंच रोल्लाला गेलो. हॉर्न वाजवला, चहा आला, माझा जीव भांड्यात पडला. घोट घेत सुजीत म्हणाला, "वैभवी, या समरला युरोप करू या का?"

मी म्हटलं, "करू या."

तुमची,
वैभवी
अल मजाज, शारजा