रोल संपवायचे फोटो

आई,

बाबांनी गेल्या महिन्यात भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट दाखवून मला विचारलं, "या बाई कोण गं?" मी हार बदलत होते. म्हटलं, "बाबा, आई आहे ती." त्यांनी चष्मा सारखा केला, नीट बघितलं आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाले, "असतील. पण आमच्याकडे नव्हत्या कधी." मग पेपर उघडून बसले. तुला जाऊन वीस वर्षं होतील, पण त्या सकाळी मला वाटलं, तू पुन्हा एकदा गेलीस. हल्ली ते बरंच विसरतात, जेवलो की नाही तेसुद्धा. म्हणून तर बोरिवलीचं घर नवऱ्यावर टाकून मी अधूनमधून इथे मुलुंडला येऊन राहते. बाकी सगळ्याला मी सरावलेय. पण ते तुला विसरतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खरं सांगू का, त्यांचा तरी काय दोष. तो फोटो तुझा वाटतच नाही. तू गेलीस तेव्हा घाईघाईत कुठल्याशा लग्नातल्या ग्रुप फोटोतून तुझा चेहरा काढून स्टुडिओत मोठा करायला दिला. त्या माणसाने हौसेहौसेने तुझ्या गळ्यात मोत्यांची माळ घातली, साडी बदलली, कुंकू छान गोल केलं आणि गालावरचा तीळ डाग समजून पुसून टाकला. तेराव्याला आलेले नातेवाईक म्हणाले, किती सोज्वळ दिसतेय. सोज्वळ, आणि तू! अख्ख्या मजल्याला तुझा आवाज पुरायचा. पण भांडायचं त्राण कुणात नव्हतं, आणि मग तोच फोटो म्हणजे तू, असं होऊन बसलं. दरवर्षी आपला त्यालाच हार.

म्हणून मी कपाटातले अल्बम खाली काढले. त्यातले फोटो मोबाइलवर घ्यावेत आणि तुझा एखादा धड फोटो मिळतोय का बघावं, असा विचार होता. मिळतोय कसला. महाबळेश्वर असो, नाहीतर डबे बांधून आरेतल्या छोट्या काश्मीरला गेलेलो असो, प्रत्येक फोटोत तू दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, ओठ घट्ट मिटून उभी. बाबा "हस जरा" म्हणायचे आणि तू आणखीच आवळून उभी राहायचीस. ते फोटो मी एकेक करून बाबांना दाखवले. ते मान हलवत होते, पण ओळख पटल्यासारखी नाही. मला रडू आलं गं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

आपल्याकडे कॅमेरा नव्हता ना. कॅमेरा समोरच्या काकांचा, रोल आपला. दुसऱ्याची वस्तू, म्हणून सहलीहून आलं की त्याच संध्याकाळी परत द्यायची, हा बाबांचा नेम. आणि रोलमध्ये दोन-तीन फोटो हमखास उरलेले असायचे. आता ते फुकट कसे घालवायचे? मग बाबा पायातले बूटसुद्धा न काढता कॅमेरा घेऊन घरभर हिंडायचे. गॅलरीतल्या तुळशीचा एक, पाय धुताना माझा एक, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात. तू गाऊनवर, केसांचा बुचडा बांधलेला, बॅगेतले ओले कपडे अर्धे जमिनीवर, सगळे भुकेले म्हणून आल्या आल्या कणीक मळायला घेतलेली. "अहो, ह्या अवतारात नको हं." "अगं, नुसता रोल संपवायचाय, हलू नकोस." "बाजूक ठेवा तो कॅमेरो आधी!" तू तापलीस की तुझ्या तोंडी गावची भाषा यायची. बाबा हसत हसत खटका दाबायचे आणि मी मधे पाय पसरून बसलेली असायचे. फोटो धुवून आले की तो काही अल्बममध्ये दिसायचा नाही. मला वाटायचं, तू फाडून टाकतेस.

फाडला नव्हतास. वेण्णा लेकवरचा होडीतला फोटो प्लास्टिकच्या खिशातून ओढला, तर त्याला चिकटून मागून आणखी एक आला. पाहुण्यांना दिसू नये म्हणून चांगल्या फोटोच्या मागे सरकवलेला. परातीसमोर तू, तोंड उघडं, काहीतरी बोलत असलेली, आणि पिठाचा हात सरळ कॅमेऱ्यावर उगारलेला. अर्धा चेहरा त्या हाताने झाकलाय, तीळही दिसत नाही. वर जरा हललेलासुद्धा आहे. कुणी म्हणेल, काय वाट लावलीय फोटोची. मी तो बाबांच्या हातात दिला, फारशी आशा न धरता.

त्यांनी जवळ धरला. आणि हसले गं आई, पोट हलेपर्यंत हसले. "बघ, कशी ओरडतेय. प्रवास झालाय ना, दमलीय ती." मग मान वळवून स्वयंपाकघराकडे बघत मला म्हणाले, "आज आवाज कसा नाही येत तिचा? कुठे आहे?" मी सांगायला हवं होतं, की बाबा, आई नाहीये आता. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी म्हटलं, "आत आहे. पोळ्या करतेय." "मग ठीक आहे," म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकून शांत बसले.

तेव्हापासून इथे असले की रोज सकाळी चहाबरोबर मी तो फोटो त्यांच्या हातात देते. शेजारच्या वहिनी म्हणतात, किती करतेस गं वडिलांसाठी. त्यांना खरं कुठे ठाऊक आहे. हे पत्र पाठवायचं कुठेच नाहीये, म्हणून तुला सांगते. बाबांना त्या फोटोची गरज नाही, तो नसला तरी त्यांचा दिवस जातो. पण फोटो बघितला की ते विचारतात, "कुठे आहे गं ती?" इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि मला रोज एकदा म्हणायला मिळतं, "आत आहे."